सात नंबरचा ब्रेक आणि आमचे भावोजी

छत्री मिटवल्यावर ती नीट मिटली की नाही हे बघायला पुन्हा उघडणारा माणूस कुणाला बघायचा असेल, तर त्याने माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी जावं. तो तिचा नवरा. हवाई दलाच्या ज्या हँगरमध्ये आम्ही दोघांनी उभी हयात घालवली, तिथे त्यांना सगळे ‘दोनदा’ म्हणायचे, कारण कुठलंही काम झालं म्हणून सांगितलं की त्यांचा प्रश्न ठरलेला असे, “दोनदा बघितलं का?” मी मात्र भावोजीच म्हणत आलो. आजही म्हणतो. पोटात काहीही असलं तरी तोंडाने मान द्यायची सवय काही सुटत नाही.

ते विजेच्या कामाचे, मी चाकांचा आणि ब्रेकचा. लढाऊ विमानांच्या देखभालीत या दोन जमातींचं कधी पटत नाही. ब्रेक रुसला की वायरवाला म्हणतो चाक बघा, चाकवाला म्हणतो वायर बघा, आणि पायलट म्हणतो, तुमचं दोघांचं काय ते ठरू द्या, मग मला बोलवा. वायरवाले स्वच्छ हातांनी डबा उघडतात. आम्ही साबणाने तीनतीन वेळा हात घासून बसतो आणि तरी घासाला ग्रीसचा वास येतो. त्यात मी वायरवाल्याचा मेहुणा, म्हणजे दोन्हीकडून मार. चाकवाले मला फितूर समजायचे आणि वायरवाले वशिल्याचा. वशिल्याचं खोटं नव्हतं. मला त्या हँगरमध्ये चिकटवलं ते भावोजींनीच, आणि पहिली काही वर्षं पाना कसा धरायचा इथपासून सगळं शिकवलं तेही त्यांनीच. हे मी विसरलो असतो तर पुढचं सगळं सोपं गेलं असतं.

भांडण ज्यावरून झालं ते आधी सांगतो. लढाऊ विमान उतरतं तेव्हा त्याला एवढा वेग असतो की पायलटने ब्रेक नुसता दाबून धरला तर चाक जागच्या जागी अडकतं, टायर घासून फुटतो आणि विमान वाटेल तिकडे पळतं. म्हणून प्रत्येक चाकात एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. चाक किती जोरात फिरतंय ही खबर तो एका बॉक्सला देत राहतो. चाक अडकायला लागलं की बॉक्स क्षणभर ब्रेक सैल सोडतो, पुन्हा धरतो, पुन्हा सोडतो. ही खबर मधेच तुटली तर बॉक्स गोंधळतो, पायलटच्या पुढ्यात पिवळा दिवा लागतो, आणि त्या बाजूच्या ब्रेकचा भरवसा संपतो.

सात नंबरच्या विमानात हा दिवा लागायचा. उतरताना लागायचा आणि हँगरमध्ये आणलं की विझलेला. रात्रभर रडलेलं पोर दवाखान्याची पायरी चढताच हसायला लागतं, तसला प्रकार. आमच्याकडे अशा दुखण्यावर पहिला उपाय म्हणजे बॉक्स बदला. तो महागाचा, मोठा, त्यावर पुष्कळ अक्षरं लिहिलेली, त्यामुळे बदलल्यावर काहीतरी केल्यासारखं वाटतं. काढलेला बॉक्स मोठ्या वर्कशॉपात जायचा आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन परत यायचा. रोग म्हशीला आणि औषध पखालीला. दोन-तीन बॉक्स असे सासर-माहेर करून आल्यावर मोठे साहेब वैतागले आणि म्हणाले, “दोनदाला बोलवा.”

भावोजी डाव्या पायाखाली आडवे झाले. विमानाच्या ज्या भागाला चाक लावलेलं असतं त्याला आम्ही पाय म्हणतो. चाकाकडून येणारी वायर आणि विमानाच्या पोटातली वायर जिथे भेटतात तिथे बाटलीच्या बुचाएवढा एक गोल प्लग असतो. त्याच्या एका अर्ध्या भागात पिना आणि दुसऱ्यात त्या पिना धरणाऱ्या बारीक नळ्या. भावोजींनी प्लग उघडला, मीटरची सळी एकेका नळीत खुपसली, आकडा बघितला. बरोबर होता. पुन्हा खुपसली, पुन्हा बघितला. पुन्हा बरोबर. प्लग बंद केला आणि अंग झटकत उठले. “इथे काही नाही,” म्हणाले.

आणि सात नंबरचा दिवा लागायचा बंद झाला.

काय केलंत म्हणून सगळे विचारू लागले. भावोजी खरं तेच सांगत, की मी काही केलं नाही, नुसतं तपासलं. लोकांना हे फार आवडलं. मोठे वैद्य असंच बोलतात ना. दोनदाच्या हाताला गुण आहे, असं साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे म्हणू लागले. काही आठवड्यांनी ये रे माझ्या मागल्या, दिवा पुन्हा लागला. पुन्हा भावोजी पायाखाली, पुन्हा सळी, पुन्हा आकडा बरोबर, पुन्हा दिवा बंद. असं किती वेळा झालं ते मला सांगता येणार नाही, पण शेवटी त्यांनी बजावूनच ठेवलं होतं, “सात नंबरच्या प्लगला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही.” कुणी लावलाही नाही. देव्हाऱ्यात कोण हात घालतो?

मग मी त्या विमानाचं डावं चाक बदललं. टायर झिजला होता, बदलायचंच होतं. चाकाबरोबर सेन्सर काढावा लागतो आणि पुन्हा बसवावा लागतो. बसवताना त्याच्या तोंडाशी ठरलेलं अंतर सोडायचं असतं, ते पातळ पट्टीने मोजायचं. मी मोजलं. आणि काम झाल्याच्या कागदावर माझा शिक्का मारला. आमच्या धंद्यात शिक्का म्हणजे माणूस. रबराचा, नखाएवढा, वर आपला नंबर. तो ज्याच्या खिशात, त्याच्या शब्दावर विमान उडतं. तो मिळाला त्या दिवशी मी बायकोच्या तळहातावर उमटवून दाखवला होता, आणि तिने दिवसभर तो हात धुतला नव्हता.

त्यानंतर चार-सहा दिवसांनी दुपारी सात नंबर उतरलं आणि धावपट्टीच्या मध्यावर एकदम एका बाजूला ओढलं गेलं. मी हँगरच्या दारात उभा होतो. टायर फुटल्याचा आवाज आधी आला की विमान वळलेलं आधी दिसलं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. ते गवतात शिरलं, डावा पाय मोडला आणि पंख जमीन नांगरत गेला. आम्ही धावत पोचलो तेव्हा पायलट स्वतःच उतरून गवतात बसला होता, हेल्मेट मांडीवर घेऊन. त्याने पाणी मागितलं. मग म्हणाला, “दिवा लागला होता.” डाव्या चाकाचा चेंदामेंदा झाला होता. सेन्सरचा तुकडा तेवढा सापडला.

चौकशी बसली. मी म्हणालो, साहेब, हा दिवा मी चाकाला हात लावायच्या कितीतरी आधीपासून लागतोय. चौकशीवाले साहेब समजूतदार होते, म्हणजे तोंडावर समजूत असलेले होते. ते म्हणाले, “पण दोनदांनी शेवटचं तपासल्यावर लागला नव्हता ना? मधे तुम्ही चाक बदललंत, आणि मग लागला.” मला स्वतःलाच ते पटल्यासारखं झालं.

भावोजींची साक्ष झाली. ते नातं मधे आणणारे नव्हतेच. वायर सलग आहे, बॉक्स नवा आहे, प्लग मी दोनदा तपासला आहे, असं त्यांनी सांगितलं. मेहुण्याबद्दल त्यांनी वाईट शब्द काढला नाही, पण चांगलाही काढला नाही, कारण तो कुणी विचारला नव्हता.

त्याच संध्याकाळी मी ताईकडे जेवायला होतो. जेवण झाल्यावर भावोजींनी टेबलावरची मिठाची बशी, पाण्याचा पेला आणि वाटी एका ओळीत मांडली.

“हा बॉक्स,” ते म्हणाले. “हा प्लग. ही वायर. तिन्ही तपासलेली. मग राहिलं काय?”

“सेन्सर,” मी म्हणालो.

“आता तो तपासता येत नाही. मोडलाय.”

“मी अंतर मोजलं होतं, भावोजी.”

“मोजलं असशील रे. पण आज ते दाखवता येतं का? नाही ना? मग भांडत बसून उपयोग काय. हातून राहून गेलं असेल असं लिहून दे. पहिलीच वेळ आहे, समज देऊन सोडतील. ताणलंस तर सगळ्या हँगरची झडती होईल.”

ताई भांडी उचलता उचलता म्हणाली, “ऐक त्यांचं. ते उगाच काही सांगायचे नाहीत.”

ते उगाच सांगत नव्हतेच. तेच तर आहे. त्यांना मनापासून तसं वाटत होतं, आणि मला त्यांच्याएवढा खात्रीचा माणूस दुसरा माहीत नव्हता. मी लिहून दिलं. समज मिळाली, आणि समजेबरोबर शिक्काही गेला. साहेबांनी तो हात पुढे करून मागून घेतला, मुलाकडून गोटी काढून घ्यावी तसा. मला टायरखोलीत पाठवलं. तिथे लोखंडी पिंजऱ्यात टायर ठेवून हवा भरायची, काटा बघायचा आणि बाजूला ठेवायचा. काम झाल्याचा शिक्का दुसरा कुणीतरी येऊन मारायचा. मी भरलेली हवासुद्धा दुसऱ्याच्या शब्दावर विमानात जायची.

पुढची वर्षं कशी गेली ते सांगत बसत नाही. भावोजींचा भाव मात्र चढत गेला. इतर विमानांचे दिवे लागायला लागले, तशी त्यांना तिकडेही बोलावणी यायला लागली. त्यांनी तपासलं की काही दिवस बरं, मग पुन्हा तेच. याचा अर्थ लावायला हवा होता, पण गुण येतोय म्हटल्यावर अर्थ कोण लावतो.

अर्थ शेवटी त्यांनीच लावला, हे त्यांच्या पदरात टाकावंच लागेल. एके सकाळी ते टायरखोलीत आले. चेहरा उतरलेला. त्यांच्या हातात दोन प्लग होते, एक बारा नंबरचा काढलेला आणि एक भांडारातून आणलेला कोरा. हवा भरायचा पंप बंद करायला सांगितला आणि कोऱ्या प्लगच्या नळीत एक सुटी पिन घातली. पिनेला दोऱ्याने छोटा पाना बांधून प्लग उलटा धरला. पाना लोंबकळत राहिला. मग तीच पिन जुन्या प्लगमध्ये घालून उलटा धरला. पाना खण्णकन फरशीवर पडला.

“नळी सैल झालीय,” मी म्हणालो. “मग?”

त्यांनी मीटरची सळी काढली. ती पिनेपेक्षा जाड होती. इतकी वर्षं ती आमच्या डोळ्यांपुढे होती, पण पिनेच्या शेजारी धरून कुणी बघितली नव्हती. कोऱ्या नळीत त्यांनी ती खुपसली, काढली, खुपसली, काढली. त्यांची तपासायची रीत होती अगदी तशी. मग पिन घालून पाना टांगला. पाना पडला.

मला कळायला वेळ लागला नाही. दर तपासणीला ती नळी थोडी फाकायची. प्लग उघडून पुन्हा लावला की पिन जरा नव्या जागी टेकायची, म्हणून काही दिवस दिवा लागायचा नाही. तोच तो हाताचा गुण. मग विमान उतरताना पाय हादरला की सैल पिन क्षणभर सुटायची. हँगरमध्ये विमान गप्प उभं, तिथे कोण सुटतंय?

“सात नंबरमध्ये सळी कुणाकुणाची गेली असेल?” मी विचारलं.

“माझीच,” ते म्हणाले. “दुसऱ्या कुणाला मी हात लावू देत नव्हतो.”

मी हसलो. का हसलो ते माहीत नाही. त्याच वेळी त्यांचा गळा धरावासाही वाटत होता, आणि समोरचा तो म्हातारा होत चाललेला माणूस सळी पुन्हा पिनेशेजारी धरून बघतोय हेही दिसत होतं. “चला साहेबांकडे,” मी म्हणालो. त्यांनीही तेच ठरवून ठेवलं होतं. त्या बाबतीत ते भेकड नव्हते.

मोठे साहेब तोवर बदलले होते. नव्या साहेबांपुढे भावोजींनी पाना टांगून दाखवला, सळी खुपसून दाखवली, आणि सगळं स्वच्छ सांगितलं. सात नंबरचा प्लग माझ्या हाताने बिघडला, म्हणाले. शिक्षा मात्र दुसऱ्याला झाली, हेही सांगितलं. साहेबांनी प्लग हातात घेऊन बराच वेळ फिरवून बघितला. ते खूश झाले होते. इतक्या वर्षांचं दुखणं एका सकाळी त्यांच्या टेबलावर सुटलं होतं.

“मेहुण्यासाठी एवढं स्वतःवर घेताय?” साहेब हसून म्हणाले. “माणूस असावा तर असा.”

“मेहुण्यासाठी नाही, साहेब. खरं आहे म्हणून.”

साहेब आणखीच भारावले. दोनदासारखा कसून काम करणारा माणूस विमान बिघडवेल, हे त्यांच्या डोक्यात शिरेचना. माणसाने आयुष्यभर नाव कमवावं आणि एक दिवस त्याच नावाने त्याची कबुली खोटी ठरवावी! साहेब म्हणाले, सळी पुरवली ती खात्याने, तपासायची रीतही खात्याची, यात एकाचा दोष नाही, कुणाचाच नाही.

“मग माझा शिक्का?” मी विचारलं.

साहेबांनी माझी फाइल मागवली, वाचली आणि बाजूला सरकवली. आवाज मऊ केला. “तुमचं प्रकरण प्लगचं नाही. सेन्सरचं अंतर राहून गेलं असेल, असं तुम्ही स्वतः लिहून दिलंय. तुमच्या हाताने. आता मी काय करू?”

मी भावोजींकडे बघितलं. ते टेबलाकडे बघत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण लहानपणापासून ऐकत होतो, पण चोर येऊन गुन्हा कबूल करतोय आणि तरी त्याला कुणी पकडत नाही, यावर म्हण आहे का कुठे? असली तर मला सांगा.

बारीक सळ्या आल्या. सगळ्या विमानांचे प्लग बदलले. पिवळा दिवा लागायचा थांबला तो थांबलाच. भावोजींना प्रशस्तिपत्र मिळालं. त्यांनी ते घरी आणून कपाटावर उलटं ठेवलं, असं ताई सांगते. मी साहेबांकडे दोनदा-तीनदा अर्ज घेऊन गेलो, मग तेही बदलून गेले, आणि त्यांच्यानंतरच्या साहेबांना सात नंबर कुठलं हेही ठाऊक नव्हतं. मी टायरखोलीतच राहिलो.

भावोजी निवृत्त झाले त्या दिवशी हँगरमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. हार झाला, भाषणं झाली, शेवटी त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्यांनी माइकवर बोट आपटून बघितलं, मग पुन्हा आपटलं, आणि लोक हसले. मग ते म्हणाले, “सात नंबर गवतात गेलं ते माझ्यामुळे. मी नको इतकं तपासलं. हे इथल्या पुष्कळांना माहीत नाही.” मग साहेबांनी टाळ्या वाजवल्या, आणि पाठोपाठ सगळ्यांनी. माझ्या शेजारचा वायरवाला डोळे पुसत म्हणाला, “बघा, किती मोठं मन आहे.” नको इतकं तपासलं! कामचुकारांच्या त्या गर्दीत याच्याएवढी फुशारकी दुसरी कुठली असणार? त्यांच्या मनात फुशारकी नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. पण ऐकणाऱ्यांना तीच ऐकू आली.

संध्याकाळी ताईने जेवायला बोलावलं होतं. हार खुर्चीच्या पाठीवर टाकलेला. आम्ही तिघंच. भावोजी जेवता जेवता म्हणाले, “आज सगळ्यांसमोर सांगितलं मी. आता तरी मनातून काढून टाक.”

“ऐकलं,” मी म्हणालो. “टाळ्याही ऐकल्या.”

मला वाटलं, आज नाही तर कधीच नाही. मी हातातला घास खाली ठेवला.

“भावोजी, शिक्का गेला तो गेला. आता मिळाला तरी मी तो कुठे मारणार? माझीही दोन वर्षंच राहिलीत. मला दुसरं काही नको. फक्त एकदा, इथे, ताईसमोर म्हणा, की तू सेन्सर नीट बसवला होतास. तुझी चूक नव्हती.”

ताईने हातातला डाव खाली ठेवला. भावोजी विचारात पडले. टाळाटाळ नव्हती ती. ते खरोखर विचार करत होते. वायरीचं एक टोक धरून दुसऱ्या टोकापर्यंत जावं तसे ते मनात त्या दिवसापर्यंत जाऊन आले, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“प्लग खराब होता, हे मी कुठेही सांगेन,” ते शेवटी म्हणाले. “पण तुझं अंतर मी बघितलं नव्हतं रे. नंतर बघायला चाक राहिलं नाही. जे मी बघितलंच नाही, ते बरोबर होतं असं कसं सांगू?”

“अहो, म्हणा की,” ताई म्हणाली. “तुमचं काय जातंय त्यात?”

“तसं नाही चालत गं,” ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मग काहीतरी करायला हवं म्हणून त्यांनी डाव उचलला आणि मला वाढायला पुढे झाले.

मी ताटावर हात आडवा धरला. पोट भरलं, असं ताईला सांगितलं आणि उठलो.